तपासून परत न आलेली वही

दूरशिक्षणातून पदवी घेतलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाची गुणपत्रिका मागून घ्या आणि नीट वाचा. विषयासमोर दोन रकाने दिसतील. एक स्वाध्यायाचा, म्हणजे घरी लिहून अभ्यासकेंद्रात जमा केलेल्या असाइनमेंटचा. दुसरा सत्रान्त परीक्षेचा. पहिल्या रकान्यात ७८, ८०, ७५ अशी ऐटदार रांग असते, आणि दुसऱ्यात त्याच विषयांना ४१, ३८, ४६. सगळ्यांचंच असं नसतं, पण इतक्यांचं असतं की त्याचं कुणाला नवल वाटेनासं झालं आहे. ‘असाइनमेंटचे मिळतातच हो,’ एवढ्यावर विषय संपतो.

हे दोन्ही आकडे एकाच माणसाच्या एकाच विषयातल्या तयारीबद्दलचे आहेत. त्यामुळे पहिला रकाना खिरापतीचा आणि दुसरा खरा, असा निष्कर्ष काढून मोकळं होण्याकडे आपला कल असतो. नोकरी देणारे तो काढतात, नियमित महाविद्यालयांतले प्राध्यापक काढतात, आणि खुद्द विद्यार्थीही काढतात. माझी तक्रार वेगळी आहे. ऐंशी गुण फार झाले की कमी, हा वाद मला दुय्यम वाटतो. ते ऐंशी कशाचे होते आणि उरलेले वीस कुठे गेले, हे त्या विद्यार्थ्याला कधीच कळलं नाही. वही केंद्रातच राहिली; किंवा परत आली तेव्हा तिच्यावर बरोबरच्या खुणा, शेवटी वर्तुळातला आकडा आणि एक सही, एवढंच होतं.

वर्गात असं झालं तर एकवेळ निभावतं. तिथे शिक्षक रोज समोर असतो. मुलाच्या कपाळावरची आठी बघून तो एखादी गोष्ट पुन्हा सांगतो, बाकावरून कुणीतरी शंका विचारतं, तास संपल्यावर दाराशी दोन वाक्यं होतात. वहीवर शेरा नसला तरी शिकवणं दुसऱ्या वाटांनी पोचतं. दूरशिक्षणात त्या वाटाच नसतात. पुस्तक सगळ्यांना एकच येतं. रविवारची संपर्क सत्रं ज्यांना जमतात ते जातात. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला, लहान मूल असलेल्या बाईला, तालुक्यापासून तीस किलोमीटरवर राहणाऱ्याला ती बहुधा जमत नाहीत. अशा विद्यार्थ्याने काय लिहिलं हे वाचून कुणी तज्ज्ञ त्याला व्यक्तिशः उत्तर देईल, अशी सबंध अभ्यासक्रमात एकच जागा असते. ती जागा म्हणजे स्वाध्याय. म्हणून मी म्हणतो की दूरशिक्षणात स्वाध्याय तपासणं हाच वर्ग आहे. त्याला आपण परीक्षेचा तीस टक्के तुकडा करून टाकलं, आणि त्यात वर्ग बुडाला.

हे काही नवं तत्त्वज्ञान नाही. दूरशिक्षणाचा उगमच मुळी दुरुस्तीत आहे. इंग्लंडात १८४० साली देशभर एका पेनीत पत्र जाऊ लागलं, आणि बाथमध्ये राहणाऱ्या आयझॅक पिटमनने ती संधी साधली. त्याची लघुलिपी शिकू पाहणारे लोक बायबलमधले उतारे लघुलिपीत लिहून त्याला पाठवत. तो चुका दुरुस्त करून ते कागद टपालाने परत करी. लघुलिपीचा तक्ता लोक विकत घेऊ शकत होतेच, आणि तेवढा पुरला असता तर उतारे लिहून कुणी पाठवले नसते. विद्यार्थ्याला हवं होतं ते आपल्या कागदावर गुरूच्या हाताने केलेलं काम. ही व्यवस्था ज्याच्या लक्षात आहे तो स्वाध्यायाला ‘अंतर्गत मूल्यमापन’ असलं रुक्ष नाव देणार नाही.

पण आपल्याकडे विद्यापीठी शिक्षणाचा वारसा पिटमनकडून आला नाही, तो लंडन विद्यापीठाकडून आला. १८३६ साली सनद मिळालेलं लंडन विद्यापीठ शिकवत नव्हतं, परीक्षा घेत होतं. १८५८च्या नव्या सनदेने तर परीक्षेला बसण्यासाठी ठरावीक महाविद्यालयांत शिकलेलं असण्याची अटही बहुतेक विषयांपुरती काढून टाकली. कुणीही कुठेही शिकावं आणि येऊन परीक्षा द्यावी. दूरशिक्षणाच्या इतिहासात ही तारीख अभिमानाने सांगतात, आणि प्रवेशाचं दार उघडलं या अर्थाने तो अभिमान रास्तही आहे. मात्र त्या दारातून शिकवणं आत आलं नव्हतं. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं स्थापन झाली ती याच लंडनच्या नमुन्यावर. शिकवायचं महाविद्यालयांनी, विद्यापीठाने प्रश्नपत्रिका काढायच्या, पेपर तपासायचे आणि पदव्या द्यायच्या. पुढे विद्यापीठांत अध्यापन विभाग निघाले, मोठमोठी माणसं तिथे शिकवून गेली, तरी ‘युनिव्हर्सिटी’ म्हटलं की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे आजही परीक्षा विभागाची खिडकीच येते. ती सवय आपण दूरशिक्षणातही जशीच्या तशी नेली.

मुंबई विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक महादेव गोविंद रानडे. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगतात: विद्यार्थी असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांचा कारभार आणि इंग्रजांचा कारभार यांची तुलना केली, ती प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांना रुचली नाही, आणि रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. अन्याय होता, यात शंका नाही. पण मला त्या प्रसंगात थोडा हेवाही वाटतो. ग्रँटसाहेबांनी निबंध शेवटपर्यंत वाचला होता. त्यातलं म्हणणं काय आहे हे त्यांना कळलं होतं आणि ते म्हणणं त्यांना बोचलं होतं. आज स्वाध्यायाच्या वहीत कुणी कुठल्याही सरकारवर काहीही लिहावं, शिष्यवृत्तीला धोका नाही.

विसाव्या शतकात एका संस्थेने मात्र ही गोष्ट गांभीर्याने घेतली. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली, १९७१च्या जानेवारीत पहिले विद्यार्थी शिकू लागले. बीबीसीवरच्या पहाटेच्या व्याख्यानांमुळे त्याचा गाजावाजा झाला, पण त्या विद्यापीठाचा कणा टीव्ही कधीच नव्हता. कणा होता शिक्षकाने तपासायचा स्वाध्याय. वस्तुनिष्ठ प्रश्नांचे स्वाध्याय तिथे सुरुवातीपासून संगणक तपासत असे. त्याचं त्यांना वावडं नव्हतं. निबंध मात्र विद्यार्थी आपल्या नेमून दिलेल्या शिक्षकाकडे पाठवी. शिक्षक समासात आणि शेवटी सविस्तर लिही, मग तो कागद मुख्यालयात जाई, गुणांची नोंद होई आणि निबंध विद्यार्थ्याकडे परते. या फेरीतला एक टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तपासलेल्या निबंधांपैकी काही निवडून ज्येष्ठ प्राध्यापक पुन्हा वाचत, आणि शिक्षकाने दिलेल्या गुणांबरोबरच त्याने लिहिलेले शेरेही तपासत. शेरे तुटक असतील, बोचरे असतील किंवा नुसतीच स्तुती असेल, तर शिक्षकाला तसं कळवलं जाई. विद्यार्थ्याचं उत्तर शिक्षक तपासतो, तसं शिक्षकाचं तपासणंही कुणीतरी तपासतं, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे मॉडरेशन म्हणजे गुणांचं मॉडरेशन. शेऱ्यांचं मॉडरेशन ही कल्पनाच आपल्या परीक्षा विभागांना चमत्कारिक वाटेल.

आपल्याकडे पत्रद्वारा शिक्षण सुरू झालं ते १९६२ साली, दिल्ली विद्यापीठात. मुंबईत ते १९७१मध्ये आलं. १९८५ साली इग्नू आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. नाशिकच्या विद्यापीठाने पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली भाषेपासून नवा विचार केला. ‘काउन्सेलर’ला ‘समंत्रक’ म्हटलं, घरोघरी ज्ञानगंगा नेण्याचं ब्रीद घेतलं, बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा मार्ग काढला, शेतकऱ्यांसाठी मराठीतून कृषिशिक्षण उभं केलं. हे काम किती मोठं आहे हे ज्यांच्या घरात त्यातून पहिला पदवीधर झाला त्यांना सांगावं लागत नाही. माझा आक्षेप त्या स्वप्नावर नाही. त्या स्वप्नाचा गाभा ज्या कागदात होता, तो कागद आपण कारकुनीच्या हवाली केला यावर आहे.

गंमत म्हणजे काय करायला हवं हे आपल्या संस्थांना पुरतं ठाऊक आहे. इग्नूच्या दूरशिक्षणविषयक पाठ्यसाहित्यात शेऱ्यांचे प्रकार सविस्तर सांगितले आहेत. विधायक शेरा, अर्थपूर्ण शेरा, निरुपद्रवी शेरा, पोकळ शेरा, दिशाभूल करणारा शेरा, नकारात्मक शेरा, आणि शून्य शेरा, म्हणजे नुसती खूण किंवा रेघ. कुठला का वाईट, याचीही चर्चा आहे. इतकं बारीक वर्गीकरण करणाऱ्या व्यवस्थेत प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त कोणता प्रकार आढळतो, हे ज्याने एकदा तरी तपासलेली वही पाहिली आहे त्याला वेगळं विचारायला नको.

हा शून्य शेरा काय घालवतो, ते एका नमुन्यावरून बघू. समजा, बी.ए.च्या अर्थशास्त्राच्या स्वाध्यायात प्रश्न आहे: ‘महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेचे मूल्यमापन करा.’ दहा गुण. विद्यार्थिनी माण तालुक्यातली, पतसंस्थेत कारकून. तिने पुस्तकातून दीड पान उतरवलं: वि. स. पागे यांची कल्पना, १९७७चा कायदा, उद्दिष्टं, फायदे, तोटे. आणि शेवटी, जागा उरली म्हणून की राहवलं नाही म्हणून, स्वतःचं लिहिलं: ‘आमच्या गावात ७२ च्या दुष्काळात पाझर तलाव झाला. माझ्या आजीने तिथे खडी फोडली आहे. पण आता त्या तलावात दिवाळीनंतर पाणी राहत नाही, म्हणून ही योजना यशस्वी झाली असे म्हणता येत नाही.’

नेहमीच्या तपासणीत या उत्तराला सहा-सात गुण मिळतात. उद्दिष्टांना खूण, फायद्यांना खूण, तोट्यांना खूण. शेवटच्या तीन वाक्यांना बहुधा खूणही मिळत नाही, कारण ती ‘मॉडेल आन्सर’मध्ये नसतात.

आता तीच तीन वाक्यं शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेने वाचा. सबंध उत्तरात मूल्यमापन म्हणावं असं काही असेल तर ते एवढंच आहे, कारण ती इथे योजनेचं एक फळ हातात घेऊन म्हणते आहे की हे मला पटत नाही. आणि त्यात दोन चुका आहेत, दोन्ही मोलाच्या. पहिली अशी की पाझर तलाव पाणी साठवण्यासाठी नसतोच. पाणी जमिनीत मुरावं म्हणून तो बांधतात. तलाव दिवाळीनंतर कोरडा पडतो हे कदाचित त्याने काम चोख बजावल्याचं लक्षण असेल! खरा प्रश्न खालच्या अंगाच्या विहिरींचा. त्यांना फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी टिकतं का? पूर्वी टिकत होतं आणि आता टिकत नाही असं असेल तर तळाशी गाळ बसून मुरणं थांबलं का? तो गाळ काढायची जबाबदारी कुणाची? दुसरी चूक कालक्रमाची. आजीने खडी फोडली ते दुष्काळी काम. दुष्काळ पडला म्हणून सरकारने काढलेलं, आणि दुष्काळ सरला की बंद होणारं. काम मागण्याचा हक्क कायद्याने मिळाला तो पुढे, ७७च्या कायद्याने. मायबाप सरकारने दिलेलं काम आणि हक्काने मागून घेतलेलं काम, यांतला फरक हाच तर या योजनेचा आत्मा. आणि तो फरक तिला समजावून सांगायला तिच्या आजीपेक्षा चांगलं उदाहरण कुठल्या पुस्तकात मिळणार आहे?

‘शेवटचा परिच्छेद हेच तुमचं उत्तर आहे, बाकीचं पुस्तकाचं. पाझर तलावाचं काम काय, हे आधी बघा आणि मग खालच्या विहिरींबद्दल गावात विचारा. आजींचं काम हमीचं होतं की दुष्काळी? या दोन गोष्टी धरून पान-दीड पान पुन्हा लिहा.’ पाच मिनिटांत लिहून होईल असा हा शेरा. त्यातून ती विद्यार्थिनी अर्थशास्त्र शिकेल, आणि आपल्या गावात जे दिसतं त्याला विद्येच्या जगात जागा आहे हेही शिकेल. सहा-सात गुणांनी तिला यातलं काहीच कळत नाही. उलट पुढच्या स्वाध्यायात आजीला आणायचं नाही, एवढं मात्र नक्की कळतं.

गुण शिकवत नाहीत, हे संशोधनानेही दाखवलं आहे. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या इस्रायलमधल्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, आणि काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांची गत जवळपास फक्त गुण मिळालेल्यांसारखीच झाली. शेजारी आकडा दिसला की शेरा वाचलाच जात नाही, असं त्याचं साधं स्पष्टीकरण. ती शाळकरी मुलं होती. नोकरी करून शिकणाऱ्या प्रौढाला हे जसंच्या तसं लावावं असं मी म्हणणार नाही. पण पोस्टाने आलेल्या पाकिटातून आपण आधी काय शोधतो, हे आठवून बघायला हरकत नाही.

आणि ज्या आकड्यापायी हा सगळा खटाटोप, तो आकडा तरी किती भरवशाचा? अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी १९१३ साली भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली. भूमितीची, निबंधाची नव्हे. गुण आले २८ पासून ९२ पर्यंत. निबंधावरच्या त्यांच्या आदल्या प्रयोगाला ‘भाषा विषयात असं व्हायचंच’ असं लोक म्हणाले होते, म्हणून मुद्दाम भूमिती घेतली. शंभर वर्षांहून जुनी ही गोष्ट आहे, आणि आपण अजून स्वाध्यायात साडेसहा द्यायचे की सात, यावर नियमावल्या काढतो.

मग समंत्रक असं का करतात? आळशी असतात म्हणून? मला ते उत्तर सोयीचं वाटतं, आणि म्हणूनच संशयास्पद. समंत्रक बहुतेकदा जवळच्याच महाविद्यालयात दिवसभर शिकवणारा माणूस असतो, आणि अलीकडे तर तिथेही तासिका तत्त्वावर. गठ्ठा त्याच्या घरी येतो. मोबदला दर वहीमागे मोजका, आणि तोही बिलं मंजूर झाल्यावर. हिशेब करून पाहा: तीस वह्या, वहीमागे पाच मिनिटं, म्हणजे अडीच तास. तोच वहीमागे पाव तास दिला की साडेसात तास. पैसे दोन्ही वेळेला तेवढेच. वर त्याला पक्कं ठाऊक असतं की त्याचा शेरा विद्यार्थ्यापर्यंत पोचेलच असं नाही, आणि शेरा वाचून त्याची पारख करणारं वरही कुणी नाही. या परिस्थितीत जो माणूस पाव तास देतो तो संत आहे. संतांच्या भरवशावर विद्यापीठं चालवू नयेत.

विद्यार्थ्याच्या बाजूनेही तेच. प्रश्न पुस्तकातून सरळ उतरवता येतील असे असतात. ‘टिपा लिहा’, ‘वैशिष्ट्ये स्पष्ट करा’. म्हणून ‘सोडवलेल्या असाइनमेंट’ विकत मिळतात. पूर्वी झेरॉक्सच्या दुकानात, आता टेलिग्रामवर आणि यूट्यूबवर. इग्नू स्वाध्याय स्वतःच्या हस्ताक्षरात मागते. त्यामुळे विकत घेतलेलं उत्तर निदान एकदा हाताने उतरवावं लागतं, एवढीच या नियमाची कमाई. हस्ताक्षर विद्यार्थ्याचं, मजकूर तिसऱ्याचा, तपासणारा चौथा. शिकणं यात नेमकं कुठल्या टप्प्यावर होतं? याला कॉपी म्हणून विद्यार्थ्यांवर कडाडणं सोपं आहे. पण जे लिखाण कुणी वाचणार नाही ते प्रामाणिकपणे लिहिण्याची अपेक्षा आपण कुणाकडून ठेवतो आहोत?

यावर यंत्राचा उतारा सांगणारे आहेत. सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या, २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’वर आणि त्याआधीपासूनच्या एनपीटेलवर दर आठवड्याची असाइनमेंट बहुतेक बहुपर्यायी असते आणि यंत्र ती क्षणात तपासतं. एनपीटेलमध्ये असाइनमेंटला २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण, आणि दोन्हींत वेगळं किमान गाठावं लागतं. पद्धत स्वच्छ आहे, जलद आहे, आणि प्रोग्रॅमिंगसारख्या विषयाला उत्तम आहे. आजीची खडी मात्र चार पर्यायांत बसत नाही. विद्यार्थ्यांनीच एकमेकांचं काम तपासण्याची पद्धत कोर्सेराने २०१२पासून मोठ्या प्रमाणावर वापरली. दुसऱ्याचं वाचून आपलं कळतं, हा तिचा फायदा मला मान्य आहे, पण पाझर तलावाचं काम काय हे दोघांनाही ठाऊक नसेल तर कुणी कुणाला सांगायचं?

चॅटजीपीटी आल्यापासून तर घरी लिहिलेल्या निबंधाला पुरावा म्हणून काही किंमत उरलेली नाही. हे संकट असल्याचा सूर सगळीकडे आहे. मला त्यात एक सोय दिसते. जोवर स्वाध्याय थोडाफार तरी पुरावा होता, तोवर त्याचे गुण धरायचा मोह होता. आता तो मोह सोडायला निमित्त मिळालं आहे. पुरावा म्हणून मेलेला स्वाध्याय शिकवण्याचं साधन म्हणून पूर्ण जिवंत आहे. ज्याला गुणच मिळणार नाहीत ते लिखाण यंत्राकडून करून घेण्यात कुणाला काय मिळेल?

इथे माझ्या म्हणण्याची उघड किंमत सांगतो. स्वाध्यायाचे गुण बंद करावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे युजीसीच्या, २०२०च्या नियमांत सातत्यपूर्ण मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के असं म्हटलं आहे. ‘जास्तीत जास्त’ हे शब्द नीट वाचले तर तीसच द्या अशी सक्ती त्यात नाही, आणि कमी करायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. स्वाध्याय ही परीक्षेला बसण्याची अट ठेवावी, जशी ती इग्नूत आजही आहे. फक्त अट पुरी झाली असं केव्हा मानायचं ते बदलावं. पहिलं लिखाण जमा केलं म्हणून नव्हे, तर त्यावरचा शेरा वाचून दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा. दुसऱ्या लिखाणात शेऱ्याला प्रतिसाद दिसला पाहिजे, मग उत्तर चूक राहिलं तरी चालेल. काही विद्यार्थ्यांना फोनवर किंवा व्हिडिओवर दहा मिनिटं विचारावं, ‘तुम्ही इथे असं का म्हटलंत?’ टेलिग्रामवरून आलेलं उत्तर या प्रश्नापुढे टिकत नाही.

हे तीस गुण अनेकांचा आधार आहेत, हा आक्षेप मी हलका मानत नाही. दिवसभर राबून, वीस वर्षांनी पुन्हा पेन धरणाऱ्या बाईला तीन तासांच्या परीक्षेत चाळीसच मिळतात, आणि स्वाध्यायाने तिची टक्केवारी जरा सावरते. पण हा आधार बाहेर चालतो का? युजीसीने २०२२ साली पुन्हा एकदा जाहीर केलं की दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या तोडीची आहे. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा जाहीर करावी लागते, यातच तिच्याबद्दलचा लोकांचा समज आला. त्या समजाला खतपाणी घालणाऱ्या गोष्टींत ती ऐंशींची रांगही आहे. त्या बाईला परीक्षेत चाळीसऐवजी पंचावन्न मिळतील असं शिकवणं हा तिचा खरा आधार, आणि ते शिकवण्याची जागा स्वाध्यायाखेरीज दुसरी नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. इग्नू स्वतःचा आकडा ३० लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचा सांगते. एवढ्या लोकांना सविस्तर शेरे कोण लिहिणार? सगळ्या विषयांत, सगळ्या सत्रांत नाही जमणार. मग कमी करावं. आज विषयागणिक स्वाध्याय असतो आणि एकही धड वाचला जात नाही. त्याऐवजी सत्राला दोनच घ्यावेत, पण ते दोनदा लिहून घ्यावेत आणि दोनदा वाचावेत. समंत्रकाला मोबदला वहीमागे न देता विद्यार्थ्यामागे द्यावा, म्हणजे विद्यार्थी त्याचा होईल. शंभरातल्या पाच वह्या शेऱ्यांसाठी वाचायला कुणीतरी ज्येष्ठ माणूस नेमावा. आणि प्रश्न असे काढावेत की पुस्तकातून उतरवता येऊ नयेत. नाशिकच्या कृषिविज्ञान विद्याशाखेत शिकणाऱ्या निफाडच्या बागायतदाराला द्राक्षांवरच्या डावणी रोगाच्या नियंत्रणाचे उपाय लिहायला लावण्यात काय अर्थ आहे? ते औषधाच्या डब्यावरही छापलेले असतात. गेल्या वर्षी पाऊस लांबला तेव्हा तुम्ही कोणती फवारणी कधी केली, आणि आज करायची तर काय बदलाल, असं विचारा. तपासणाऱ्यालाही चार गोष्टी कळतील. कदाचित म्हणूनच असे प्रश्न काढले जात नसतील. पण हा माझा आगाऊपणा समजा.

कागद विद्यार्थ्याला परत मिळावा, हे तर कायद्यानेही जवळपास मान्य केलं आहे. सीबीएसईच्या एका प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहता येते. तेव्हापासून कितीतरी विद्यार्थी अर्ज करतात, शुल्क भरतात, प्रत मिळवतात. त्या प्रतीत असतात खुणा, बेरीज आणि सही. बेरीज चुकली असेल तर ती दुरुस्त करून मिळते. उत्तर का चुकलं हे त्या पानावर कुणीच लिहिलेलं नसतं, आणि जे लिहिलंच नाही ते कुठल्या अधिकाराखाली मागणार? त्यासाठी विद्यापीठांच्या अध्यादेशांत एक कलम लागेल: प्रत्येक स्वाध्याय समंत्रकाच्या लेखी अभिप्रायासह तीस दिवसांत विद्यार्थ्याला परत करण्यात येईल, आणि अभिप्राय नसलेला स्वाध्याय तपासलेला मानला जाणार नाही. शेवटच्या सात शब्दांवर परीक्षा मंडळांच्या बैठकीत भांडण होईल. ते तिथेच व्हायला हवं.